शिट्टीचं उत्तर

मे महिन्यात किनवटच्या जंगलात माझी मोटारसायकल पंक्चर झाली, तिथं एक मुलगी दिसली. बारा वर्षांची असेल. विडीसाठी विकायची तेंदूची पानं तोडत होती. मधेच थांबून शिट्टी वाजवायची. झुडपांमागून तशीच शिट्टी आली की पुन्हा हात चालू.

"ल्हाना भाऊ हाय तिकडं," ती म्हणाली. "सुट्टी संपली की होस्टेलात जायचंय. कपड्यांसाठी पेटी घ्यायचीय मला."

"भीती नाही वाटत?"

"लई वाटती, सर. काल आस्वल दिसलं. म्हणून तर शिट्टी."

तिनं पुन्हा वाजवली. उत्तर आलं नाही. परत वाजवली. नाहीच. हातातली पानं तिनं आवाज न करता खाली ठेवली आणि झुडपांत शिरली. मी मोठा माणूस, पण गाडीच्या आड सरकलो.

किती वेळ गेला कोण जाणे. मग दोन शिट्ट्या ऐकू आल्या. एक तिची, एक त्याची.

माझी मुलगी सुट्टीत आतल्या खोलीत मोबाईल बघत असते. बराच वेळ चाहूल लागली नाही की जेवता जेवता मी हाक मारतो. तिची 'ओ' येईपर्यंत घास गिळवत नाही.