गाऱ्हाण्यातला होकार

मुलांनो, परवा व्हिडिओवर तुम्ही विचारलंत, "आजी, ती 'चालून दाखवा'वाली ताई कुठे गेली?" मी "नेटवर्क नाही" म्हणून फोन ठेवला. पोलादपुरात हे कारण कुणालाही पटतं. पण तुम्ही अजून तिची नक्कल करता, तेव्हा तिचं काय झालं ते नीट सांगायला हवं.

"दुखतंय कुठे ते सांगू नका, चालून दाखवा," हे तिचं पहिलं वाक्य. समोरचं माणूस चालू लागलं की ती जमिनीवर उकिडवी बसून नुसती पावलं बघायची. बायकांना त्याची भारी गंमत वाटे.

ती जवळच्याच कापडे गावची. मुंबईला मामाकडे राहून तिने शरीराच्या हालचालींच्या शास्त्रात पदवी घेतली होती. आमच्या शेजारच्या अनसूयाबाईंनी एकदा तिची उलटतपासणीच घेतली.

"म्हंजे तू डॉक्टर?"

"नाय गो काकी."

"नर्स?"

"नाय."

"मग शाळंतली पीटीची बाई हायस, तसं सांग की!"

"तसंच समज. आता ऊठ."

पहिली नोकरी बिरवाडीला. कारखान्यातल्या कामगारांना पाठ न मोडता गोणी कशी उचलायची ते शिकवायचं. मुकादमाला वाटलं, कामाच्या वेळात कवायत चाललीय. लवकरच तिला नारळ मिळाला.

"बरंच झालं," ती मला म्हणाली. "आजी, मला इथंच केंद्र काढायचंय. भातलावणी करून कमरेत वाकलेल्या बायकांसाठी. म्हातारपणी त्या ताठ चालल्या पाहिजेत."

मी पडवी रिकामी करून दिली, सोमवारी आणि गुरुवारी तिथे तिचा वर्ग भरू लागला. तुमच्या आजोबांचं टेबलसुद्धा माळ्यावर गेलं. मांडीचं हाड मोडल्यापासून काठीवर असलेल्या अनसूयाबाईंना तिने शब्द दिला, पेरणीपर्यंत काठी सोडवते.

शिमग्यात पालखी आमच्या अंगणात आली. गावातल्या जाणत्याने देवाला गाऱ्हाणं घातलं, "ह्या लेकीनं हितंच बायांसाठी काम मांडलंय, तिला यश दे महाराजा!" सगळे म्हणाले, "होय महाराजा!" माझ्या शेजारी हात जोडून तीही म्हणाली, चांगली मोठ्याने.

पुढच्या सोमवारी ती आलीच नाही. मग मुंबईहून फोन आला. एका मोठ्या क्लबात खेळाडूंबरोबर काम मिळालं होतं, पुढचं शिक्षणही तिथूनच होणार होतं.

"कधी ठरलं हे?"

"शिमग्याच्या आधी."

"मग 'होय महाराजा' कशाला म्हणालीस?"

ती म्हणाली, "सगळे म्हणत होते ना, आजी."

नोकरी घेतल्याचा मला राग नाही. तिने विचारलं असतं तर मीच म्हटलं असतं, जा पोरी. ते म्हणायची संधीच तिने मला ठेवली नाही. देवासमोर माझ्या खांद्याला खांदा लावून ती खोटं बोलली, आणि मी त्या दिवशी तिच्या नावाने गल्लीत पेढे वाटले. ते पेढे खाल्लेली माणसं अजून भेटली की विचारतात. त्यांना काय सांगू?

अनसूयाबाई एवढंच म्हणाल्या, "जायाचं तं जावं, बाई. पन सांगून."

पेरणी होऊन गेली. त्यांची काठी सुटलेली नाही. सोमवारी आणि गुरुवारी त्या येतात, आणखी तिघी येतात. मी पडवीचं दार उघडते. पाऊल कुठे टाकायचं ते कळावं म्हणून तिने फरशीवर रंगाने मारलेल्या रेघा आहेत, त्यांवरून चौघी चालतात.