कमळाकाकींची पडवी

पूर्णगडच्या कमळाकाकींना हल्ली स्वतःच्याच घरात शिरताना किळस यायची. दारातच पडवी, आणि पडवीत अजिंक्यचं झेरॉक्सचं दुकान. जागा वर्षाच्या कराराने दिली होती. करार होळीला संपला, पण अजिंक्य हलला नाही.

माडीवर काकींचे यजमान हरिश्चंद्र. बोटीवर जन्म काढलेला हा माणूस अर्धांगाच्या झटक्यापासून जिना उतरू शकत नव्हता. न्हाणीघर खाली. काकी त्यांचं सगळं वरच उरकत आणि झाकलेलं भांडं घेऊन अजिंक्यच्या गिऱ्हाइकांसमोरून उतरत. गिऱ्हाइकं नाकाला रुमाल लावत. अजिंक्य पंखा मोठा करी. यजमानांची खाट पडवीत आणायची, एवढंच काकींचं मागणं होतं.

शेवटी त्या रत्नागिरीला वकिली करणाऱ्या भाचीकडे, अक्षयाकडे गेल्या. करार संपला त्या दिवशी नेमकं काय झालं, असं तिने विचारलं.

काय व्हायचंय? तिन्हीसांजेला शटर ओढून अजिंक्य पेढे घेऊन दारात आला आणि "येतो काकी," म्हणाला. निघणाऱ्याला आपल्यात कोणी जा म्हणतं का? काकींनी आतूनच "ये हो," म्हटलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला. सकाळी बघतात तर दुकान उघडं. तुम्हीच ये म्हणालात ना, असं म्हणून तो दात काढत बसला. आधी काकींना ती थट्टाच वाटली. मग काकींनी आपल्याला ठेवून घेतलंय, असं तो गावभर सांगत सुटला आणि मोबाइलवरून भाडंही परस्पर त्यांच्या खात्यात भरू लागला. काकींना ते पासबुक भरून आणल्यावर कळलं.

अक्षयाने कपाळाला हात लावला. मुदत संपल्यावर मालकाने राहू दिलं, भाडं घेतलं, की भाडेकरू महिन्या-महिन्याचा धरला जाऊ शकतो. आता आधी लेखी नोटीस, पंधरा दिवसांची मुदत, आणि तरीही नाहीच हलला तर कोर्ट.

म्हणजे आपल्याच पडवीत शिरायला आपणच त्याची मनधरणी करायची! काकींना शिसारी आली. अजिंक्यची आलीच, त्याने दिलेल्या पेढ्यांची आली, आणि ते गोड मानून खाणाऱ्या स्वतःच्या जिभेचीही आली.

अक्षयाने मसुदा वाचून दाखवला. सदर जागेचा ताबा शांततेने व रिकाम्या स्थितीत परत करावा, वगैरे. काकींनी सही करायला घेतलेलं पेन खाली ठेवलं.

"ह्यात जा कुठे लिहिलंयस?"

"मावशी, ताबा परत करा म्हणजे तेच. नोटिशीत असं जा-बिजा लिहीत नाहीत."

"तू लिही गो. मेल्याला ये म्हटलेलं बरोबर कळलं. आता जा पण कळूदे."