रिकाम्या मुठीचा वास

मामेभाऊ किशोरचा फोन आला तेव्हा मी पुण्यात, आमच्या बिअरच्या कारखान्यात टाकीच्या शिडीवर उभी होते. "आबा गेले गं," तो म्हणाला. "सकाळी चहा घेतला, वखारीत जातो म्हणाले आणि खाटेवर बसले ते..." पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. वाईट वाटलंच. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी डोक्यात पहिला आला तो एक प्रश्न. तीन आठवड्यांपूर्वी भेटले होते तेव्हा ग्लासमधला वास आबांना खरंच आला होता, की माझ्यासाठी ते खोटं बोलले होते? आता विचारायला माणूसच उरला नव्हता.

आबा म्हणजे माझे थोरले मामा. चोपड्याला त्यांची केळी पिकवायची वखार. हिरवे घड यायचे, बंद खोल्यांमध्ये चार-पाच दिवस राहायचे आणि कुठली खोली कधी उघडायची ते आबांचं नाक ठरवायचं. मी धुळ्याची, पण लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या त्या वखारीत गेल्या. आबा खोलीचं दार बोटभर उघडायचे, डोळे मिटायचे, आत नाक घालायचे आणि दार लावून घ्यायचे. "उद्या दुपारी," म्हणायचे. रंगावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. केळी आधी वासाने पिकते, मग रंगाने, हे त्यांचं ठाम मत. या नाकापायी घरातल्यांचे हाल होते. आबा सकाळी वखारीत जाऊन येईपर्यंत मामीने, म्हणजे आमच्या अक्काने, देवापुढे उदबत्ती लावायची नाही. डोक्याला वासाचं तेल लावून कुणी वखारीत पाय ठेवायचा नाही. मी कॉलेजात असताना एकदा अत्तर लावून गेले, तर मला दोन तास बाहेर बाभळीखाली बसवलं होतं.

मायक्रोबायॉलॉजी शिकून मी बिअर बनवायच्या धंद्यात शिरले. ही बातमी धुळ्यात कशी सांगायची, हा माझ्या आईपुढचा मोठाच प्रश्न होता. तिने तो "लॅबमध्ये आहे" एवढ्यावर सोडवला. नातेवाइकांत एकट्या आबांनी मला सरळ विचारलं की करतेस काय. मी सांगितलं, जव भिजवतो, मोड आणतो, वाळवतो, उकळतो, मग यीस्ट घालून टाकीत बंद ठेवतो. ते ऐकत राहिले आणि आपल्या अहिराणीत म्हणाले, "म्हंजे वखारच शे तुन्ही." आबांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. आयुष्यात त्यांनी दारूचा थेंब घेतला नव्हता, पण माझ्या धंद्याला त्यांनी कधी नाक मुरडलं नाही.

त्या काळात मी बेल्जियन पद्धतीची ब्लाँड एल नावाची बिअर बनवायचा प्रयत्न करत होते. दिसायला सोनेरी, वर पांढराशुभ्र जाड फेस, आणि यीस्टच्या करणीने तिला फळाचा आणि मसाल्याचा वास येतो, वरून एक केळंही घातलेलं नसताना केळ्याचा. माझ्या पहिल्या घाण्यात, म्हणजे टाकीत एका वेळी बनवलेल्या बिअरमध्ये, तो इतका भडक आला होता की नखांचं पॉलिश पुसायच्या पाण्याची आठवण व्हावी. कारखान्यात चार जणांची चार मतं. मी दोन बाटल्या बर्फाच्या पेटीत घातल्या आणि चोपड्याला गेले. वखारीच्या मागच्या खोलीत बूच उघडलं. आबांनी हात पुढे केला.

"हुंगू तं दे."

मी जरा घुटमळले तर म्हणाले, "तू पे, मी हुंगस." त्यांनी ग्लासच्या तोंडावर तळहात ठेवला, ग्लास हलकेच फिरवला, हात काढला आणि डोळे मिटून नाक आत घातलं. "हाई गरमीमां कोंडायेल शे. दुसरा नई तं तिसरा दिन तुन्ही टाकी तपनी व्हती." पुण्यात येऊन वही पाहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली होती आणि टाकी सहा तास तापत राहिली होती. तापलेल्या खोलीत केळी बिघडते त्याचा वास आबांना पाठ होता, आणि यीस्टही उकाड्यात तसंच चेकाळतं हे त्यांनी कुठलंही पुस्तक न वाचता ओळखलं.

त्यानंतर आठ वर्षं प्रत्येक घाण्याची एक बाटली चोपड्याला गेली. उभट, बुडाशी फुगीर आणि तोंडाशी किंचित आवळलेला एक ग्लास मी वखारीतल्या फळीवरच ठेवला होता. मी प्यायची, ते हुंगायचे, आणि चव मी त्यांना शब्दांत सांगायची. इथे माझी भंबेरी उडायची. मी शिकलेले शब्द परदेशी, आणि आबांना नुसतं "गोड" म्हटलेलं चालायचं नाही. कसं गोड? उसासारखं, खजुरासारखं की भाजलेल्या हुरड्यासारखं? घोट गिळल्यावर किती वेळ राहतं? मग मी दुसरा घोट जिभेवर धरायची. हळूहळू सापडत गेलं. सुरुवातीला कुरडयांच्या चिकासारखं काहीतरी, धान्याचं, कोवळं. मग मधाची पुसटशी चाहूल. बुडबुडे जिभेला टोचतात तेव्हा मिरं. शेवटी पान चघळल्यावर उरतो तसा किंचित कडवटपणा, आणि तो गेला की तोंड कोरडं, स्वच्छ. फार थंड असेल तर यातलं निम्मं कळतच नाही. म्हणून ग्लास दोन्ही हातांत धरून आम्ही त्याचा गारठा जरा उतरू द्यायचो. आज लोक मला चव घ्यायला शिकवा म्हणून बोलावतात. मी जे शिकवते ते सगळं त्या मागच्या खोलीतलं आहे.

हे सगळं अक्काला माहीत नाही, असा आमचा समज होता. अक्काला मी घाबरते. ती ओरडत नाही, नुसती बघते, आणि ते पुरतं.

दीड वर्षापूर्वी आबांना मोठा ताप येऊन गेला. बरे झाले म्हणून मी नवीन घाण्याची बाटली घेऊन निघाले. चाचणीसाठी भरलेली ती साधी पांढऱ्या काचेची बाटली होती. धुळ्यापासून चोपड्यापर्यंत ती गाडीच्या मागच्या फळीवर उन्हात पडून राहिली आणि ते माझ्या लक्षातच आलं नाही. बिअरला ऊन लागलं की ती नासते. बूच उघडताच जळक्या रबरासारखा असा उग्र भपकारा आला की मी तोंड फिरवलं. आबांनी ग्लास घेतला, तळहात ठेवला, फिरवला, डोळे मिटले.

"छान शे," ते म्हणाले.

माझ्या चेहऱ्यावर दिसलं असणार. त्यांनी ग्लास खाली ठेवला. "मन्हं नाक मरी गयं, माय," ते म्हणाले. माझ्याबद्दल माया दाटली की ते मला माय म्हणायचे. "तापमां गयं, परत उनंच नई. किशोरले सांगू नको." महिनाभर ते रोज वखारीत जात होते, दार बोटभर उघडून डोळे मिटत होते आणि नुसते दिवस मोजून अंदाजाने "उद्या" म्हणत होते. ज्याच्या जिवावर चाळीस वर्षं मान होता ते गेलं होतं, आणि गेलंय हे लपवायचं होतं... मग त्यांनी ग्लासकडे बघून म्हटलं, "जीभवर एक थेंब ठेव. नाक नई तं जीभ."

मी नाही म्हटलं. "अक्काला काय सांगू?" असं काहीतरी पुटपुटले. खरं कारण वेगळं होतं. नाक नसेल तर जीभ फार काही सांगत नाही, नुसतं कडू आणि गोड एवढंच. एवढ्यासाठी त्यांनी माळ मोडायची आणि हाती काहीच लागायचं नाही, हे मला बघवलं नसतं. पण हे त्यांना कुठल्या तोंडाने सांगायचं? त्यांनी ग्लासवर हात ठेवला आणि "ठीक शे" म्हणाले. त्या दोन शब्दांनी पुढे वर्षभर माझा पिच्छा पुरवला.

जळगावच्या नाक-घशाच्या डॉक्टरांकडे मीच त्यांना नेलं. किशोरला कान दाखवायचाय म्हणून सांगितलं. डॉक्टर म्हणाले, ओळखीचे चार वास घ्या, सकाळ-संध्याकाळ रोज हुंगा. येईल, नाहीतर नाही येणार. पुढे आबांच्या हृदयाने कुरकुर सुरू केली, वखार किशोरकडे गेली, आणि माझं जाणं कमी झालं. शेवटचं गेले तेव्हा ते ओसरीवर खाटेला टेकून बसले होते, फार वाळलेले. अक्का आत होती. मी हळूच बूच उघडलं. या वेळी बाटली जपून आणली होती. आबांनी खूप वेळ हुंगलं. "केळी," म्हणाले. मग थांबून, "लवंग." आणि ग्लास परत देताना, "मागून मिरं."

मी तिथेच रडले. पण परतताना अमळनेरच्या अलीकडे मनात किडा वळवळला. आठ वर्षं मीच तर त्यांना हे सांगत आले होते. केळी, लवंग, मागून मिरं... हे त्यांना झोपेतही म्हणता आलं असतं. मी नाही म्हटलेलं मला खुपत होतं हे ओळखून माझी समजूत काढली असेल तर? असं करणं आबांच्या स्वभावात पुरेपूर होतं. तीन आठवडे मी तो किडा घेऊन फिरले, आणि मग किशोरचा फोन आला.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले तशी अक्काने मला आत बोलावलं. कपाटातून एक पत्र्याचा डबा काढला. त्यात लवंगा, कापराच्या वड्या, केळीची वाळकी साल आणि माझ्या बाटल्यांची पाच-सहा बुचं. मी मान खाली घातली.

"तुले काय वाटनं, माले काहीच माहीत नई?" अक्का म्हणाली. तिची आणि माझी नजर भेटली, आणि पहिल्यांदाच त्या बघण्याची भीती वाटली नाही. मग ती सांगत गेली. डॉक्टरांकडून आल्यापासून ती रोज त्यांना डोळे मिटायला लावायची आणि एकेक वस्तू मुठीत धरून नाकाशी न्यायची. "मी लवंग धरू, ते म्हनेत कापूर. रोज हुकेत." कित्येक महिने असंच. "तू उनी ना, तेना आठ दिन आधी माले कटाळा उना. रिकामीच मूठ धरी दिनी."

"मग?"

"लई वखत हुंगत बसनात. मंग म्हनतस, 'मेथी निवाडीसन उनी तू. हात धोयात नई.'"

तिने खरंच मेथी निवडली होती. अक्का हसली, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. मी भिंतीला टेकून खाली बसले. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. पाठ केलेलं माणूस म्हणू शकतो, पण रिकाम्या मुठीतली मेथी कोण पाठ करणार? आबांना माझ्या ग्लासमधला वास आला होता. माळ गळ्यात होती, नाक परत आलं होतं, आणि ते जाताना दोन्ही बरोबर घेऊन गेले. मेलेल्या माणसाबद्दल सुटल्यासारखं वाटलं असं लिहू नये म्हणतात. पण मी सुटले, हे खरं आहे.

गेल्या आठवड्यात पुन्हा चोपड्याला गेले. गाडीत नव्या घाण्याची एक बाटली होती, सवयीने घेतलेली. वखारीतल्या मागच्या खोलीत ग्लास फळीवरच होता, कुणीतरी धुऊन पालथा घातलेला. मी ओतलं आणि तशीच बसून राहिले. दारात अक्का आली. स्टूल ओढून समोर बसली आणि हात पुढे केला.

"तू पे," ती म्हणाली, "मी हुंगस."

तिने ग्लासच्या तोंडावर तळहात ठेवला, हलकेच फिरवला, डोळे मिटले. मग म्हणाली, "माले तं सगळं एकच लागस," आणि पुन्हा नाक आत घातलं.