भिंत नसलेलं पाणी

माझ्या सासूबाई साठीनंतर पोहायला शिकल्या. त्यांचा जन्म कोकणातल्या खाडीकाठच्या गावातला, पण तिथे पाण्यात उड्या मारायचे ते मुलगे. मुलींनी काठावर कपडे आपटायचे. लग्न होऊन लालबागला चाळीत आल्या, तिथे पाणी नळाला यायचं, तेही त्याच्या मर्जीने. त्या चाळीच्या जागी आता टॉवर आहे आणि टॉवरला तरणतलावही आहे, पण तो पुढच्या, बिल्डरने बाहेरच्यांना विकलेल्या इमारतीचा. आम्ही जुने भाडेकरू मागच्या इमारतीत राहतो. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो तलाव फार सुंदर निळा दिसतो. त्यात पोहताना मात्र मी आजवर कोणालाही पाहिलेलं नाही. सासूबाईंनी काही महिने तो वरून पाहिला आणि एक दिवस कोणाला न विचारता दादरच्या तरणतलावात बायकांच्या सकाळच्या बॅचला नाव घालून आल्या.

मी मूळची गिरगावची. चौपाटी हाकेच्या अंतरावर असूनही आमच्या कारकुनी घराण्यात घोट्याच्या वर कोणी भिजल्याचं ऐकिवात नाही. त्यामुळे सासूबाईंच्या पोहण्याबद्दल मत देण्याचा मला अधिकार नव्हता. तरी एक गोष्ट मला काठावरूनही दिसायची. त्या नेहमी भिंतीलगतच्या पट्ट्यात पोहायच्या, आणि चार-दोन हात मारले की उजवा हात हळूच भिंतीला लावायच्या. धरायच्या नाहीत. नुसता लावायच्या. गर्दीत चालताना आपण खिसा चाचपतो तसा. शिकवणाऱ्या सरांनी रागावून पाहिलं, चेष्टा करून पाहिली, शेवटी नाद सोडला.

गेल्या हिवाळ्यात बॅचची सहल ठरली. कर्जतच्या पुढे, सह्याद्रीच्या पायथ्याशी एक धरण आहे. त्याच्या फुगवट्याच्या काठावर कोणीतरी तंबू लावून, होड्या ठेवून पर्यटनाचा धंदा काढला आहे. दोऱ्या आणि पिंपं लावून पोहण्यापुरती हद्द आखली आहे. बसमध्ये एक जागा उरत होती, म्हणून सासूबाईंनी मला चल म्हटलं. निदान मला तसं वाटलं. खरं कारण त्यांनी आदल्या रात्री नारळ खवताना सांगितलं. पुढच्या महिन्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. मग दुसऱ्या गुडघ्याचं. पुन्हा पाण्यात कधी उतरायला मिळेल ते डॉक्टरही नीट सांगत नव्हते.

खवणीवरून नजर न काढता त्या म्हणाल्या, “एकदा भिंत नसलेल्या पाण्यात पोहून बघायचंय. तू बरोबर अस. कोणाला सांगू नको.”

मला पोहता येत नाही हे त्यांना ठाऊक होतं. म्हणजे बुडाल्या तर वाचवायला नव्हे, कच खाल्ली तर ती बघायला घरचं माणूस हवं होतं. की घरच्या माणसासमोर कच खाता येऊ नये, म्हणूनच मला न्यायचं होतं? विचारायचं धाडस झालं नाही.

पहाटे दादरहून मिनी बस सुटली. बॅचची सूत्रं एका निवृत्त मुख्याध्यापिकेकडे आहेत. त्यांना सगळ्या मॅडम म्हणतात. मॅडमनी प्रवासात आम्हाला कार्यक्रमपत्रिका वाचून दाखवली. मला वाटलं होतं, आपण पोहायला चाललोय. तसं नव्हतं. दीपप्रज्वलन, जलपूजन, पाहुण्यांचं स्वागत, मनोगत, मार्गदर्शन, हिरवा झेंडा आणि मग, सर्वांत खाली, पोहणे. पाहुणे म्हणजे तंबूवाल्या मालकांचे कोणी काका. तालुक्यात त्यांना साहेब म्हणतात. ते नक्की कशाचे साहेब आहेत हे मी तिघांना विचारलं. तिघांनीही मला वेड्यात काढलं.

धरणावर पोचलो तेव्हा पाण्यावरून धुकं उठत होतं. तीन बाजूंनी डोंगर, आणि मधे इतकं सपाट, इतकं शांत पाणी की त्याच्याकडे बघून आमची बससुद्धा गप्प झाली. पलीकडच्या काठावर एक बगळा उभा होता, तेवढाच हलला. सासूबाईंनी चपला काढून पाऊल बुडवलं आणि माझ्याकडे बघून हसल्या. त्या क्षणी त्या सरळ आत गेल्या असत्या. मी शपथेवर सांगेन. पण मॅडमनी कर्णा लावायला सांगितला.

मग आम्ही साहेबांची वाट पाहू लागलो. बायका सगळ्या तयार होऊन बसल्या होत्या, म्हणजे आत पोहण्याचा पोशाख, त्यावर घरचा फुलाफुलांचा गाऊन, डोक्याला रबरी टोपी, कपाळावर गॉगल, आणि कमरेला दोरीने बांधलेला नारिंगी फुगा. फुगा ही तडजोड होती. मालक लाइफ जॅकेटचा आग्रह धरत होते आणि मॅडम म्हणत होत्या की आमच्या बॅचचा अपमान होतो. अशा थाटात त्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर ओळीने बसल्या होत्या, फुगे मांडीवर घेऊन. मागे फ्लेक्स होता आणि त्यावर साहेब पाण्यापेक्षा मोठे होते.

धुकं गेलं. ऊन आलं. ऊन तापलं. थर्मासमधला चहा संपला. शीव कोळीवाड्यातून येणारी एक बाई आहे, बॅचमधली खरी जलचर, ती मोठ्याने म्हणाली, “मॅडम, अजून किती वाळवणार आम्हाला? बोंबील आहोत काय?”

मॅडमनी तिला पदाचा मान राखायला सांगितलं. कोणत्या पदाचा, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

मी मात्र सासूबाईंकडे बघत होते. धीर ही काय चीज आहे, ते मला त्या खुर्चीवर कळलं. सकाळी त्यांच्याकडे तो भरपूर होता. घरून निघताना, बसमध्ये, पाऊल बुडवताना. आता उन्हात बसून तो हळूहळू आटत होता आणि ते आटणं दिसत होतं. आधी त्यांचं बोलणं थांबलं. मग त्या गुडघा चोळू लागल्या. मग फुग्याची गाठ सोडून पुन्हा बांधली, पुन्हा सोडली.

साहेब आले. तीन गाड्या आल्या, त्यातल्या एकीत साहेब होते आणि उरलेल्या दोहोंत त्यांचं येणं होतं. नारळ फुटला, हार पडले, शाल पांघरली गेली. त्या उन्हात शाल म्हणजे शिक्षाच, पण साहेबांनी ती हसतमुखाने भोगली. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याच्या हाती माइक दिला होता. पाणी म्हणजे जीवन इथून ते सुरू झाले, आणि जीवन म्हणजे संघर्ष इथवर पोचले तेव्हा सासूबाई माझ्या कानाशी वाकल्या.

आमच्या सासूबाई एरवी माझ्याशी शहरातलं मराठी बोलतात. मालवणी बाहेर येते ती राग आला किंवा भीती वाटली की.

“आता काय माका जमाचा नाय,” त्या म्हणाल्या. “बसमदी जावन बसतंय.”

आणि त्या गाठ सोडू लागल्या. या वेळी पुन्हा बांधण्यासाठी नव्हे.

मी माटुंग्याच्या एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते. तिथे होणाऱ्या प्रत्येक समारंभाचं सूत्रसंचालन गेली कित्येक वर्षं मीच लिहून देते. मानपत्रंही. ‘आपल्या अमूल्य वेळातून वेळ काढून’ हे शब्द मी झोपेत लिहू शकते आणि बहुधा झोपेतच लिहिलेले आहेत. या भाषेवर मी आयुष्यभर घरी हसत आले. तिचा कोणाला काही उपयोग होईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

साहेब श्वास घ्यायला क्षणभर थांबताच मी टाळ्या वाजवल्या. टाळ्या ही अशी गोष्ट आहे की एकाने सुरू केल्या की बाकीच्यांना त्या वाजवाव्याच लागतात. कोळीवाड्याच्या बाईने तर शिट्टीही मारली. तेवढ्यात मी पुढे होऊन मॅडमच्या हातातला दुसरा माइक घेतला.

“साहेबांच्या या प्रेरणादायी विचारांनी भारावून जाऊन,” मी म्हणाले, “आपल्या बॅचच्या सर्वांत ज्येष्ठ सदस्या याच क्षणी जलप्रवेश करू इच्छितात. साहेबांनी आपल्या शुभहस्ते हिरवा झेंडा दाखवून त्यांना उपकृत करावं, अशी मी समस्त बॅचच्या वतीने नम्र विनंती करते.”

मॅडम माझ्याकडे असं बघत होत्या, जणू मी परीक्षेत कॉपी करताना सापडले आहे. पण आपल्या शब्दांनी कोणी ताबडतोब पाण्यात शिरतंय हे ऐकून साहेब इतके हरखले की उरलेला संघर्ष त्यांनी तिथेच सोडून दिला. झेंडा त्यांनी स्वतः मागून घेतला.

सासूबाई खुर्चीतून उठल्या नव्हत्या. सगळ्यांचे चेहरे त्यांच्याकडे वळले.

“मेल्ये,” त्या मला पुटपुटल्या, “काय केलंस ह्यां?”

“आई, उठा,” मी म्हटलं. “नाहीतर ते परत बोलतील.”

याचा उपयोग झाला. त्यांनी साहेबांकडे एकदा पाहिलं, फुग्याची गाठ आवळली, गाऊन उतरवून माझ्या हातात दिला आणि चालू लागल्या. झेंडा हलला. पाणी घोट्याला, गुडघ्याला, कमरेला आलं, आणि मग त्यांची पांढरी टोपी एकदम पुढे सरकली.

मी लाइफ जॅकेट घालून होडीत बसले. अपमानाचा प्रश्न माझ्या बाबतीत नव्हता. होडीवाले वल्हवत होते. आम्ही सासूबाईंच्या बाजूने, जरा अंतर ठेवून चाललो. मागून सगळी बॅच पाण्यात उतरली, आणि तेव्हा मी जे पाहिलं ते आठवून मला अजून हसू येतं. एवढं मोठं पाणी, डोंगरापर्यंत पसरलेलं, पिंपांच्या आत कोणीही कुठेही जावं. आणि आमच्या बायका पट्ट्यापट्ट्यांनी पोहत होत्या! वेगवान डावीकडे, मधल्या मधे, दमणाऱ्या कडेला. न दिसणाऱ्या दोरीपलीकडे कोणी हात टाकत नव्हतं. दोघींचा धक्का लागला तर “सॉरी, तुझी लेन” असं ऐकू येत होतं. तलावाची लांबी भरेल एवढं अंतर गेल्यावर सगळ्यात पुढे असलेली कोळीवाड्याची बाईसुद्धा गर्रकन वळली, आणि तिच्या मागून एकेक करून सगळ्या वळल्या, कशालाही हात न लावता, अगदी शिस्तीत. होडीवाल्यांनी मला विचारलं, तिथे काही दिसलं का यांना?

सासूबाई कडेच्या पट्ट्यात होत्या. सवयीने त्यांचा उजवा हात बाहेर गेला. तिथे पाणीच होतं. हात थोडा चाचपडला, मागे आला. त्यांची मान ताठ झाली, पाय खाली गेले आणि तोंडात पाणी शिरलं. होडीवाल्यांनी वल्हं वळवलं. मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण माझ्याकडे त्या वेळी एकही शब्द नव्हता, सूत्रसंचालनातलासुद्धा. त्या खोकल्या, थुंकल्या, आणि पुन्हा हात मारला. परत काही वेळाने उजवा हात बाहेर गेला, पण अर्धाच. पुढच्या वेळी बोटंच जरा हलली. त्यानंतर तो हात नुसता पोहत होता.

बॅच वळली ती जागा आली. मला वाटलं, त्याही वळणार. त्यांनी वळून मागे बघितलं खरं, पण थांबल्या नाहीत. संथ, बेडकासारखे पाय मारत, हद्दीच्या पिंपांपर्यंत गेल्या आणि तिथे पाठीवर पडून राहिल्या. नारिंगी फुगा शेजारी डुलत होता. होडीवाल्यांनी विचारलं, “आजी, बरं वाटतंय ना?” त्यांनी डोळे मिटूनच मान हलवली. पाण्यातून फक्त चेहरा वर होता आणि त्या चेहऱ्यावर मी लग्न होऊन आल्यापासून कधी न पाहिलेला आळस होता.

मग काठावरून मॅडमचा आवाज कर्ण्यातून आला. साहेबांना पुढचा कार्यक्रम होता, सामूहिक फोटो काढायचा होता, सर्वांत ज्येष्ठ सदस्यांनी त्वरित बाहेर यावं. मी सासूबाईंना ते सांगितलं. त्यांचे कान पाण्याखाली होते, त्यामुळे त्यांना ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगितलं. मग मला कळलं की ऐकू आलं होतं.

“तूच सांग गो त्यांना,” त्या म्हणाल्या. “तुला छान सांगता येतं.”

मी काठाकडे हात हलवला. तिकडे त्याचा काय अर्थ लावला कोण जाणे, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि फोटो काढून घेतला. तो फोटो आता बॅचच्या ग्रुपवर आहे. पुढे साहेब, शाल, मॅडम, ओल्या टोप्या घातलेल्या बायका, आणि खूप मागे, फ्लेक्सच्या कोपऱ्यापाशी, पाण्यावर एक पांढरा ठिपका आणि एक नारिंगी.

बाहेर आल्यावर त्यांनी थालीपीठं खाल्ली, बायकांनी आणलेली सगळी, आणि जेवणाआधी अजून दोनदा पाण्यात जाऊन आल्या. दुसऱ्या वेळी कोळीवाड्याच्या बाईला बरोबर घेऊन गेल्या, पिंपं कुठे आहेत ते दाखवायला.

परतीच्या बसमध्ये त्यांनी गावाला बहिणीला फोन लावला. मी शेजारीच होते. मला वाटलं, आता माझ्या त्या भाषणाचा उल्लेख होईल. साहेबांचं, झेंड्याचं, निदान होडीत बसलेल्या सुनेचं तरी नाव निघेल. काहीही निघालं नाही. त्यांच्या सांगण्यात तिथे दुसरं कोणी नव्हतंच.

“पाणी थंडगार होता,” त्या सांगत होत्या. “मदीच गेलंय. मागे वळान बघलंय, तर काठावरची माणसां एवढी एवढीशी दिसत होती.”

पलीकडून बहिणीने काहीतरी विचारलं. सासूबाई हसल्या, मोठ्याने, पुढच्या रांगेतल्या मॅडम वळून बघतील इतक्या मोठ्याने.

“छा,” त्या म्हणाल्या, “भिया कसला? तुका येवचा असला तर सांग, घेवन जातंय.”