उभ्या गाडीचं ऑइल

दसऱ्याला बाबांची मोटरसायकल धुऊन मी अंगणात उभी केली आणि तिला झेंडूचा हार घातला. पावसाचे चार महिने ती ताडपत्रीखाली होती. "झाकून ठेवायच्या आधी ऑइल बदलून घे. जुनं ऑइल उभ्या इंजिनाला आतून खातं," असं बाबांनी दोनदा बजावलं होतं. "बदललं," असं मी ठोकून दिलं होतं. जी गाडी चालणारच नाही, तिला नवं ऑइल कशाला?

उभ्या वस्तूला काही लागत नाही, असं आपण किती सहज धरून चालतो! घरात बसून असलेल्या माणसालाही.

भिंतीला धरत बाबा आले. इंजिनातली ऑइल मोजायची पट्टी काढून त्यांनी दोन बोटांत थेंब चोळला. बोटं काळीकुट्ट झाली. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

तेवढ्यात माझी बायको पूजेचं ताट घेऊन आली. "बाबा, ठीक आहे ना गाडी?"

"उत्तम आहे," म्हणत त्यांनी उजवा हात पाठीमागे नेला आणि प्रसादाचा पेढा डाव्या हातात घेतला.

प्रसादाला डावा हात पुढे केला म्हणून लहानपणी मी त्यांच्याच हातचा मार खाल्ला होता.