मागच्या सीटवरची समीक्षा

बालाघाटच्या आमच्या मराठी मंडळाच्या मासिक पत्रकात मी नऊ वर्षं चित्रपट परीक्षणं लिहिली. त्यातलं एकही माझं नव्हतं.

सिनेमा सुटला की मी स्कूटर काढायचो, बायको मागे बसायची आणि टॉकीजपासून घरापर्यंत बोलत राहायची. घरी आल्यावर ती कुकर लावायला जायची आणि मी तिचं बोलणं शुद्ध मराठीत उतरवून खाली माझं नाव टाकायचो. ती वारासिवनीकडच्या शेतकरी घरातली. मंडळातली बहुतेक घरं पिढ्यान्‌पिढ्या सरकारी नोकरीतली. लग्नानंतरच्या पहिल्याच हळदीकुंकवाला तिच्या ‘मले-तुले’ची नक्कल झाली, तेव्हापासून ती तिथे तोंड उघडत नसे. आणि ती गप्प बसते याचं मला बरंच वाटायचं. ही गोष्ट मी अजून कुणाला सांगितलेली नाही.

यंदा एक ऐतिहासिक चरित्रपट आला. इंग्रजांपुढे गादी गमावलेल्या एका राजाचा. मध्यंतरापर्यंत घोडे, तोफा, धुरळा. मी भारावून गेलो. नंतर पेन्शनीवर ठेवलेला राजा परक्या गावच्या बंगल्यात दिवस काढतो, तिथे माझा डोळा लागला.

स्कूटरवर मी म्हटलं, “लढाई काय जबरदस्त घेतली ना?”

“लढाईत काय हाय? साऱ्या पिक्चरमध्ये तेच घोडे. तो भाताचा सीन पाह्यला का नाही तुमी?”

“कोणता?”

“झोपले असान मंग! अहो, नोकर सोडून जाते, अन् राजा पह्यल्यांदा आपल्या हातानं भात वाढून घेते. किती घ्याचा तेच समजत नाही त्याले. सारं पातेलं ताटात उलटं करते अन् पाहत बसते. तलवार देतानी नाही रडला, तिथं रडला. ज्याले आपल्या पोटाचा अंदाज नाही, त्याले राज्याचा काय राहीन?”

पुढेही ती बरंच बोलली. मी ते पोटाच्या अंदाजाचं वाक्य तेवढं नीट धरून ठेवलं आणि त्यावरच परीक्षण संपवलं. पत्रक निघालं, वाक्य गाजलं. मंडळाच्या अध्यक्षांनी, म्हणजे आमच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी, वार्षिक सभेत माझा सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ आणि परीक्षणाचं जाहीर वाचन.

सभेत मी त्या वाक्यापर्यंत वाचलं आणि टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेत तीही वाजवत होती, अगदी मनापासून. ते मला सोसवलं नाही.

“हे वाक्य माझं नाही,” मी म्हणालो. “हा प्रसंग मी पाहिलेलाच नाही. झोपलो होतो. नऊ वर्षं मी माझ्या बायकोचं बोलणं माझ्या नावानं छापतोय.”

मग मागून कुणीतरी विचारलं, “मग शाल कोणाला?” सगळे हसले.

“काहून चार लोकांत इज्जत काढून राह्यले?” ती जागेवरूनच दबक्या आवाजात म्हणाली.

“माझीच काढतोय. तू वर ये.”

ती हलेना. अध्यक्ष माईकपाशी आले. “सूनबाई, या. आम्हाला तुमच्या तोंडून ऐकायचंय.”

“मले शुद्ध बोलता येत नाही, गुरुजी.”

“स्कूटरवर बोलता तसं बोला.”

ती पदर खोचत वर आली. पहिल्या रांगेकडे, नक्कल करणाऱ्या त्या बायकांकडे, तिनं एकदा नीट पाहून घेतलं.

“पह्यले तं यायनं अर्धंच लिवलं,” तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. “मी पुढचंबी सांगतलं होतं.”

“जागा पुरली नाही,” मी म्हणालो.

“लढाईले दोन पानं पुरले तुमाले!” आता हशा थांबेना. ती थांबली, मग सावकाश बोलू लागली. “रडणं झाल्यावर तो राजा उठते. उरलेला भात दारावरच्या शिपायाले नेऊन देते. इंग्रजानं त्याच्यावरच पहाऱ्याले बसवलेल्या शिपायाले. म्हणते, तूबी उपाशी असशीन. गादीवर होता तवा मले तो राजा नाही वाटला. तिथं वाटला.”

मग पहिली रांगच आधी टाळ्या वाजवत उठली. अध्यक्षांनी माझ्यासाठी आणलेली शाल उचलली आणि तिच्या खांद्यावर घालायला पुढे झाले.

तिनं हातानंच त्यांना अडवलं. “थांबा जी, माहं संपलं नाही अजून.”