पाकळीची मागची बाजू

"देवानं नाही म्हटलंय," मंडळाचे अध्यक्ष अण्णासाहेब माईकवर म्हणाले. "आम्ही काय करणार?"

माईकची काही गरज नव्हती. सभागृह लहान, माणसं साठ-सत्तर. पण माझे आबा अगदी दारात, चपलांच्या ढिगाऱ्यापाशी बसलेले, आणि अण्णासाहेबांना वाटलं असावं की तिथवर नीट पोचायला हवं. मग खास त्यांच्यासाठी म्हणाले, "आणि तुम्ही चपला सांभाळता तीही सेवाच आहे. देव सगळं बघतो."

लोक हसले. लहान पोरानं काहीतरी खुळचट मागितलं की मोठी माणसं हसतात तसं. आबांनी हात जोडले. तेही हसले. मी दहा वर्षांची, त्यांच्या शेजारी, मांडीवर पितळी बिल्ल्यांची पिशवी घेऊन. चप्पल ठेवा, बिल्ला घ्या, त्याच नंबरचा दुसरा बिल्ला चपलेवर. बिल्ला द्या, चप्पल घ्या. माझ्या बापाच्या तोंडावरचं ते हसू मी अजून विसरलेले नाही. विसरायचा विचारही नाही.

थांबा, आधी तुम्हाला ते सभागृह नीट दाखवते. अडुसष्ट-एकोणसत्तरचा सुमार. कलकत्त्यातलं आमचं मराठी मंडळ. बँकेतले साहेब, केंद्र सरकारातले बदलीवाले साहेब, दोन-चार जुनी, इथंच जन्मलेली घराणी. आणि आम्ही, गार्डन रीचच्या रेल्वे वसाहतीतले. आबा रेल्वेत डब्यांच्या गाद्या शिवायचे. पहिल्या वर्गाच्या, साहेबांच्या खास सलून डब्यांच्या. मंडळातली निम्मी माणसं नागपूर-मुंबईला आबांच्या शिलाईवर बसून जायची आणि मंडळात आबा दारात. आम्ही चांभार. तो शब्द तिथं कुणी उच्चारत नसे. चपलांपाशी बसवलं होतं, मग उच्चारायची गरज काय?

पण मंडळ लोकशाहीवादी हं. छापील घटना होती, काचेच्या चौकटीत, भिंतीवर. पहिलं कलम, सर्व सभासद समान. दर वर्षी निवडणूक, गुप्त मतदान, मतपेटीला लाखेचं सील. फक्त सातवं कलम असं होतं की उमेदवाराच्या नावाला आधी देवाची संमती हवी. संस्थापक कोकणातले. तिकडे देवळात लोक सोयरिकीचं, जमिनीचं विचारतात तसा हा कौल. सभागृहातल्या कायमच्या गणपतीच्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर जास्वंदीची एकेक पाकळी पाण्यानं चिकटवायची, नाव घ्यायचं आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होकार. डावी पडली तर नकार. आणि कौलावर चर्चा नाही. तेही कलमातच लिहिलेलं.

बँकेतल्या साहेबांच्या नावाला उजवी पाकळी बघता बघता पडायची. त्या वर्षी कुणीतरी कौतुकानं आबांचं नाव सुचवलं. डावी पडली.

सभा संपली की निर्माल्याची टोपली आमच्याकडे. गंगेत सोडायचं काम आबांचं. देवाच्या अंगावर असेपर्यंत फुलाला आमचा हात चालत नसे. उतरलं की चाले. घाटावर मी टोपलीत हात घातला आणि हाताला एक पाकळी लागली. मागच्या बाजूला पांढरी, कडक खपली. मी ती नाकाशी नेली. आमच्या घराचा वास. चिंचोक्याची खळ. शिवायच्या आधी कडा चिकटवायला आबा ती रोज शिजवायचे. मंडळाचं मखर चिकटवायलाही दर गणपतीत आमच्याकडूनच डबाभर जायची. आमच्या घरचं पाणी कौल लावणारे गुरुजी पीत नसत, पण खळीला विटाळ नव्हता.

"आबा, ही आपली खळ आहे."

आबांनी पाकळी माझ्या हातातून घेतली, पाण्यात टाकली. म्हणाले, "हात धू."

त्यांना कळलं नाही, असं मला वाटलं. पुढची अकरा वर्षं तसंच वाटत राहिलं.

आता एकोणऐंशी साल. मी रेल्वेच्या ऑफिसात टायपिस्ट. बोटं वेगात, तोंड त्याहून वेगात. गणपतीत अण्णासाहेबांचं व्याख्यान झालं, विषय इराण. शहा पळाला होता, तिथं धर्माचं प्रजासत्ताक आलं होतं. अण्णासाहेब फार सुंदर बोलले. "लोकांनी मतं द्यायची," ते म्हणाले, "आणि लोकांनी निवडलेल्यांच्या डोक्यावर धर्मगुरू बसवायचे. कोण लायक, कोण नालायक, ते त्यांनी ठरवायचं. याला लोकशाही म्हणायचं? माणसाला माणूस म्हणून काही हक्क आहेत की नाहीत?"

टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात मी वाजवल्या. त्यांच्या डोक्यामागच्या भिंतीवर ती चौकट होती, सातव्या कलमासकट. दुसऱ्या दिवशी मी निवडणुकीचा अर्ज भरला.

आबा म्हणाले, "कशाला गं?"

"अण्णासाहेबांनीच सांगितलं, माणसाला हक्क असतात."

आबा सुई ओढत राहिले.

सभेच्या दिवशी गुरुजींनी पाकळ्या लावल्या, माझं नाव घेतलं. डावी पडली.

"देवाची इच्छा नाही," अण्णासाहेब म्हणाले. "बाळ, वाईट वाटून घेऊ नकोस. हळदीकुंकवाला मदत कर. तीही सेवाच आहे."

मी उभी राहिले. "उजवी पाकळी उलटी करून दाखवा."

गुरुजी म्हणाले, "देवाच्या अंगावरच्या फुलाला तू हात लावणार?"

"मी नाही. तुम्ही काढा. इथं कुणालाही दाखवा. मागची बाजू."

कुणी हललं नाही. मग मी जे करायला आले होते ते केलं. पर्समधून जास्वंदीचं फूल काढलं आणि काड्यापेटीएवढी एक डबी. भिंतीवरच्या घटनेच्या काचेवर दोन पाकळ्या चिकटवल्या. एक पाण्यानं, एक खळीनं. आणि म्हटलं, "आता बघू या, घटना काय कौल देते."

आणि वीज गेली. कलकत्ता ते, वीज काय आमचं नाटक बघत थांबणार? पंखे बंद. पंखा नाही तर पाणी वाळेना. सत्तर माणसं घामानं निथळत एका पाकळीकडे बघत बसलेली. एक गृहस्थ पुटपुटले, "घरी जाऊ द्या हो." पण जागचे उठले नाहीत. त्यांनाही बघायचं होतं. 

पाण्याची पाकळी पडली. दुसरी तशीच राहिली. मी काच ठोठावली. तशीच.

"यातून काय सिद्ध झालं?" अण्णासाहेब म्हणाले. "पाकळी तुझी, खळ तुझी. गुरुजींकडे खळ कुठून येणार?"

"माझ्याकडून."

आवाज दारातून आला. आबा चपलांमध्ये उभे होते.

"सभेच्या दिवशी सकाळी गुरुजी वाटी मागतात," आबा म्हणाले. "मखरासाठी म्हणून. मखर तर आधीच, विसर्जनालाच उतरलेलं असतं. दर वर्षी मीच आणून देतो. आजही दिली." मग म्हणाले, "माझं नाव होतं त्या वर्षीही दिली होती."

त्यांना ठाऊक होतं. घाटावर, हात धू म्हणाले तेव्हाही ठाऊक होतं.

गुरुजी मूर्तीकडे बघत राहिले. आता तरी काही होईल, असं मला वाटलं. तरुण होते मी. अण्णासाहेबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "कौलावर चर्चा करता येत नाही. तरी आपण लोकशाही मानतो. चर्चा व्हावी असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

तीन हात. माझा. शाळेत शिकवणाऱ्या एका वयस्क बाईंचा. आणि दारातला.

चिटणीस वही घेऊन उभे होते. त्यांनी अगदी सरळ विचारलं, "दारातला हात मोजायचा का?"

आबांनी चपलांवरचे बिल्ले गोळा करून पिशवीत भरले आणि ते आत आले. वीस वर्षांत पहिल्यांदा खुर्च्यांच्या मधून चालत, समोर टेबलापर्यंत. बिल्ल्यांची पिशवी त्यांनी टेबलावर ओतली. सगळे बिल्ले खणखणत एकमेकांत मिसळले. मग त्यांनी हात पुन्हा वर केला.

"आता मोजा," म्हणाले.

आम्ही हरलो. तीन विरुद्ध बाकी सगळे. बाहेर मात्र अर्धा तास मोठमोठे साहेब उकिडवे बसून एकमेकांच्या चपला पायात घालून बघत होते. पलीकडच्या चहावाल्यानं मला विचारलं, "की होलो, दीदी?" काय झालं? मी म्हटलं, "भोट." निवडणूक. त्याला ते पुरलं.

ट्रामच्या थांब्यावर मी आबांना विचारलं, "ठाऊक होतं, तर इतकी वर्षं वाटी का दिलीत?"

"देव त्यांचा होता," आबा म्हणाले. "आपली तेवढी खळ होती. तीही नाही दिली तर आपल्याला दारातही कोण उभं करणार, असं वाटायचं."

नंतर मंडळाचं पत्र आलं. देवाची माफी मागा, वर्षभर सभेला येऊ नका. मी ऑफिसच्या मशीनवर उत्तर टाइप केलं. एकच ओळ. माफी मागणार नाही आणि सभासदत्व सोडणार नाही.

आमच्या घरची वाटी पुन्हा गेली नाही. पण बाजारात डिंक मिळतो. आज आबा नाहीत, अण्णासाहेब नाहीत, गुरुजी नवे आहेत. सातवं कलम आहे. मी दर वर्षी अर्ज भरते. दर वर्षी डावी पडते. चप्पल पायात ठेवून मी समोरच्या रांगेत बसते, आणि पाकळी पडली की उठते, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणते, "उलटी करून दाखवा."

यंदाही म्हणणार आहे. दाखवेपर्यंत म्हणणार आहे.